खवल्या, पेटी आणि पाण्याची टाकी

पाणी गाळून प्यावं, हे जगातली प्रत्येक आई आपल्या मुलाला सांगते. पण पाणी तपासणं हाच ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे अशा माणसाच्या घरी जन्माला येणं म्हणजे काय, हे फक्त तपासनिसांच्या दोन मुलांना ठाऊक होतं. थोरली अकरा वर्षांची होती, धाकटा सहाचा. ग्लास उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय दोघांच्याही घशाखाली पाणी उतरत नसे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावरही ती दोघं ग्लास उजेडाकडे धरत, आणि त्या घरची माणसं काही कारण नसताना ओशाळी होत.

तपासनीस पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होते. आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव त्यांना होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतंच उपयोगी पडे. एरवी ऑफिसपासून इमारतीपर्यंत सगळे त्यांना तपासनीसच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. सकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन निघायचं, कुठल्या तरी वस्तीतल्या नळाचं तोंड ज्योतीने शेकायचं, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटली भरून बर्फात घालून आणायची आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके उगवलेत का ते बघायचं. ठिपके नसले तर पिण्यायोग्य, असले तर अयोग्य. ‘चालून जाईल’ किंवा ‘तसं बरं आहे’ असे शेरे त्यांच्या खात्यात नव्हते. त्यांच्या स्वभावातही नव्हते असं त्यांची बायको म्हणे, पण ती ते कौतुकाने म्हणत नसे.

घर देवभोळं नव्हतं, देवाला मानणारं होतं. या दोन्हींतला फरक तपासनीस कोणालाही, समोरच्याने विचारलेलं नसताना, अर्धा तास समजावून सांगू शकत. रोज संध्याकाळी चौघं एकत्र बसून प्रार्थना करत, आणि सुटीच्या दिवशी सकाळी प्रार्थनाघरात जात. तिथेच एका सुटीच्या दिवशी या प्रकरणाची ठिणगी पडली.

प्रवचनकार त्या दिवशी मुलांविषयी बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, “मुलाच्या पोटात काय जातं ते आई बघते. त्याच्या डोळ्यांतून आत काय जातं, ते कोण बघतं?” बाकीच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे माना हलवल्या आणि जेवणाचा विचार सुरू केला. तपासनीस मात्र ताठ बसले. इतक्या वर्षांत इतकं खात्याला धरून प्रवचन त्यांनी ऐकलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्यांचा निर्णय झाला. आजपासून मुलांनी बघायची प्रत्येक गोष्ट आधी ते स्वतः बघणार, आणि ‘योग्य’ असा शेरा मिळाल्याशिवाय ती मुलांपुढे येणार नाही.

“प्रत्येक?” बायकोने विचारलं. ती लायब्ररीत मुलांच्या विभागात कामाला होती, आणि ‘प्रत्येक’ या शब्दात किती कपाटं मावतात याचा तिला अंदाज होता.

“प्रत्येक.”

“अहो, मी पुस्तकाचं पहिलं पान वाचते, मधलं एखादं वाचते आणि देऊन टाकते. कधी चुकते. मग पोर परत येऊन सांगतंच की, मावशी, हे नको होतं.”

“म्हणजे ते प्यायल्यावर तुला कळतं! आमच्यात असं केलं तर साथ येईल साथ.”

साथीपुढे बोलण्यासारखं काही नसतं. बायको भाजी निवडायला लागली.

पहिल्या आठवड्यात तपासनिसांनी कोणाचीही भीडभाड ठेवली नाही. आकडे शिकवणारा एक व्हिडिओ नापास झाला, कारण त्यातली बदकाची पिल्लं आईला न सांगता तळ्याच्या पलीकडे जात होती. चांदोबाचं एक गाणं नापास झालं, कारण तो चांदोबा सगळे झोपल्यावर जागा राहतो आणि वर त्याचं कौतुक होतं. धाकट्याची लाडकी ट्रकची गोष्ट तर चाचणीच्या मध्यावरच बाद झाली, कारण ट्रक बुलडोझरशी धडधडीत खोटं बोलला. ट्रकने शेवटी माफी मागितली होती, असं धाकट्याने रडत रडत निदर्शनाला आणलं. तपासनीस म्हणाले, “घाण मिसळल्यावर औषध घातलं म्हणून पाणी मुळात स्वच्छ होतं असं होत नाही.” धाकट्याला हे समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही समजलं नाही. पण थोरलीची एक गोष्ट होती. बाबा बोलले की ते बरोबर असणार, ही तिची खात्री होती. शाळेत कोणी तिला ‘हे कशावरून?’ असं विचारलं की ती ‘बाबांनी सांगितलंय’ म्हणे, आणि तिच्या दृष्टीने विषय तिथे संपे. तपासनिसांना या खात्रीचा फार अभिमान होता. हातातलं काम बिनचूक असावं आणि पोरीने आपल्याकडे असं बघावं, याच्या पलीकडे आयुष्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात अडवून म्हणाले, “शाब्बास! मी माझ्या मुलांना घरात पडदा म्हणून दिसू दिला नाही.”

“मग? कशी निघाली?”

“दोघंही सिनेमाच्या धंद्यात आहेत,” हेडमास्तर म्हणाले आणि घाईघाईने भाजी आणायला गेले.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले की त्यांनी टीव्ही कपाटात घालून कुलूप लावलं होतं. त्याचा फायदा एवढाच झाला की त्यांच्या मुलाला आता कुठलंही कुलूप उघडता येतं आणि अख्खी इमारत किल्ली हरवली की त्याच्याकडे येते. सगळ्यात वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्यांची मुलगी थोरलीची मैत्रीण. त्या म्हणाल्या, “माझी वाटेल ते बघते हो. फक्त बघताना गोड खायचं नाही, एवढंच.” तपासनिसांनी मनातल्या मनात सगळ्यांना नापास केलं.

आणि मग खवल्या आला.

खवल्या म्हणजे खवल्या मांजर. एका कार्टून मालिकेत ते एका स्टेशनातलं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस चालवायचं. हाताखाली एक चिडकी हंसीण होती. दर भागात कोणाची तरी वस्तू सापडायची आणि खवल्या तिचा मालक शोधायचा. पण पहिल्या भागापासून सगळ्यात वरच्या फळीवर एक किरमिजी पेटी पडून होती, आणि ती कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं. थोरलीच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. एक दिवस तिने अगदी अर्ज केल्यासारखं विचारलं, “बाबा, खवल्या तपासाल का? घाई नाही.”

“तपासतो,” तपासनीस म्हणाले.

आता मोठी अडचण जागेची होती. घरात बघावं तर मुलं तिथेच. प्रयोगशाळेत मोबाइलला बंदी होती. तेव्हा ऑफिस सुटल्यावर, घरात शिरण्याआधी, गच्चीवर जाऊन बघायचं त्यांनी ठरवलं. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे होती, आणि सेक्रेटरी कारण विचारल्याशिवाय स्वतःच्या बायकोलाही किल्ली देत नसत.

“गच्चीवर काय काम काढलंत?”

पाणीपुरवठा खात्याच्या जबाबदार माणसाने ‘कार्टून बघायचंय’ असं कसं सांगायचं? तपासनिसांचा हात पिशवीत गेला. पिशवीत ऑफिसची एक रिकामी बाटली होती. ती बाहेर काढून ते म्हणाले, “जरा टाकी बघतो.”

हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हतं, पण पाण्याविषयीचं पहिलं होतं.

गच्चीवर टाकीच्या सावलीत, बाटली शेजारी ठेवून त्यांनी पहिला भाग लावला. सुरुवातीला त्यांना रागच आला. खवल्या कोणाचीही सही न घेता एका सशाला छत्री देऊन टाकतो! ओळख पटवली नाही, साक्षीदार नाही. अशाने ऑफिस चालतं का? पण पुढच्या भागात त्याच सशाने छत्री परत आणली, ती त्याची नव्हतीच, आणि खवल्या म्हणाला, ‘मला वाटलंच होतं, पण तुला भिजताना बघवत नव्हतं.’ तपासनिसांनी तेवढं वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. त्यांच्या नोकरीत कोणाला भिजताना बघवत नाही म्हणून काही करायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आठवडाभरात त्यांच्या मनाने मालिका केव्हाच पास करून टाकली होती. शिवी नाही, मारामारी नाही, देवाधर्माची टिंगल नाही. हंसीण वरिष्ठांना उलट बोलते खरी, पण वरिष्ठांची तशी लायकी असतेच. शेरा द्यायला कसलीच हरकत नव्हती. पण शेरा दिला की मालिका मुलांची होणार, धाकटा दर दोन मिनिटांनी ‘का?’ विचारणार, आणि गच्चीवर जायचं कारण संपणार. दिवसभर प्रत्येक थेंबाचा न्याय करून आल्यावर ज्याचा न्याय करावा लागत नाही असं काहीतरी बघत बसायचं, हे सुख त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. लहान मुलाने खाऊचा डबा लपवावा तसा तपासनिसांनी खवल्या लपवला.

“बाबा, झालं तपासून?” थोरली विचारायची.

“थोडं राहिलंय.”

“काही वाईट सापडलं का?”

“अजून तरी नाही. पण खात्री नको का करायला?”

“हो,” थोरली म्हणायची आणि अभ्यासाला बसायची.

पुढे म्हाताऱ्या बगळ्याच्या चष्म्याचा भाग आला. खवल्या महिनोन्‌महिने हिंडून बगळ्याचा हरवलेला चष्मा शोधून काढतो आणि नेऊन देतो, तोवर बगळ्याची नजर पार गेलेली असते. बगळा चष्मा लावतो, समोरच्या धुक्याकडे बघतो आणि खवल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतो, ‘अगदी लख्ख दिसतंय!’ तपासनीस ढसाढसा रडले. डोळे पुसून, बाटली हातात घेऊन जिना उतरायला लागले, तर समोर सेक्रेटरी आणि हेडमास्तर.

लाल डोळे, उतरलेला चेहरा, हातात खात्याची बाटली. हे सगळं टाकीकडून येताना.

“काय झालं हो?” सेक्रेटरींनी विचारलं.

“कुठे काय? काही नाही.”

“टाकीत काही...?”

“छे, छे. काळजीचं काहीही कारण नाही,” तपासनीस म्हणाले आणि नाक पुसत निघून गेले.

सरकारी माणसाने ‘काळजीचं कारण नाही’ म्हणावं आणि लोकांनी स्वस्थ झोपावं, असं आजवर घडलेलं नाही. त्याच संध्याकाळी इमारतीतल्या प्रत्येक शेगडीवर पाण्याचं पातेलं चढलं. सकाळी हेडमास्तरांचं पोट बिघडलं. ते आदल्या रात्रीच्या लग्नातल्या जेवणाने बिघडलं होतं, पण लग्नातल्या जेवणाला कोण दोष देणार? डॉक्टरीणबाईंनी पेशंटना चूळ भरायला उकळलेलं पाणी द्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या जारवाल्याकडे रांग लागली. तो बाटलीबंद पाण्याचे जार विकायचा, आणि त्याच्या जन्मात असा सुगीचा काळ आला नव्हता. तपासनीस समोरून गेले की तो उठून उभा राहायला लागला. एकदा तर त्याने ‘साहेबांच्या घरी’ म्हणून एक जार फुकट पोचता केला. तपासनिसांनी तो तसाच परत पाठवला, पण जार वर जाताना सगळ्यांनी बघितला होता आणि खाली येताना कोणीच नाही.

एका सकाळी सेक्रेटरींनी टाकीच रिकामी केली. धुऊन पुन्हा भरेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तेवढा दिवस तपासनिसांच्या बायकोने खालून बादल्या आणल्या. शेवटची बादली ठेवून, कमरेवर हात देऊन तिने सरळ विचारलं, “अहो, पाणी खराब आहे का?”

“नाही.”

“मग रोज बाटली घेऊन वर का जाता?”

“खात्री करायला.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने नुकत्याच सुरू झालेल्या नळाचं पाणी ग्लासात घेऊन पिऊन टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाण्याच्या बाबतीत नवरा खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तपासनिसांना त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पेटी कोणाची हे कळायला आता थोडेच भाग राहिले होते, आणि माणूस अशाच ठिकाणी फसतो.

इमारतीने पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार केली, आणि तीत तपासनिसांच्या रोजच्या बाटलीचाही उल्लेख केला. तक्रार नमुन्याशिवाय घेता येत नाही असं खात्याने कळवलं. नमुना खात्याच्याच माणसाने घ्यावा लागतो, आणि या भागाचा खात्याचा माणूस म्हणजे तपासनीस. पण स्वतः राहत असलेल्या इमारतीचा नमुना कर्मचाऱ्याला घेता येत नाही, असाही नियम होता. तेव्हा दुसऱ्या भागाच्या माणसाला या भागात पाठवायला वरिष्ठांची मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी या भागाच्या माणसाची ‘हरकत नाही’ अशी सही हवी. आपल्याविरुद्धच्या तक्रारीवर ‘हरकत नाही’ अशी सही तपासनिसांनी स्वतःच केली. शेवटी प्रयोगशाळेचे मोठे साहेब स्वतः येऊन नमुना घेऊन गेले. जाताना त्यांनी तपासनिसांकडे बघितलंसुद्धा नाही.

निकालाच्या दिवशी खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. सगळी इमारत आली. जारवाला कोणी न बोलावता मागे येऊन उभा राहिला. थोरली आईशेजारी पुढच्या खुर्चीवर बसली होती.

“पाणी पिण्यायोग्य आहे,” साहेब उभे राहून म्हणाले. “बशीत एक ठिपका नाही. असं पाणी माझ्या घरीही येत नाही.”

“मग तुमचा माणूस रोज बाटली घेऊन वर काय करत होता?” सेक्रेटरींनी विचारलं.

“तेच विचारायला मी आलोय. खात्याच्या नकळत नमुने घेऊन हे ते कोणाला देत होते?”

“जारवाल्याला!” हेडमास्तर ओरडले. “यांच्या घरी फुकट जार गेला, मी या डोळ्यांनी बघितलाय! आधी घबराट पसरवायची आणि मग हप्ता खायचा!”

एकदम गलका झाला. जारवाला ‘देवाशप्पथ नाही’ म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतो? तपासनिसांच्या कानांत गरम शिसं ओतावं तसं झालं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नमुना घ्यायला गेलेल्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. ते तोंड उघडणार तोच थोरली खुर्चीवरून उठली.

“माझे बाबा खोटं बोलत नाहीत,” ती म्हणाली. “ते टाकीची खात्री करायला जायचे. त्यांनी घरी सांगितलंय. बाबा, सांगा ना यांना.”

सगळे तपासनिसांकडे वळले. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. अतिउत्साही कर्मचारी म्हणून साहेबांनी रागावून सोडून दिलं असतं. तपासनिसांनी साहेबांकडे बघितलं, मग पोरीकडे. ती त्यांच्याकडे नेहमीसारखीच बघत होती. त्या नजरेसमोर हो म्हणणं त्यांना जमलं नाही.

“मी टाकी बघायला जात नव्हतो,” ते म्हणाले. “टाकीचं झाकण मी एकदाही उघडलं नाही. मी वर बसून कार्टून बघायचो.”

कोणालाच काही कळेना. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं, “कुठलं?”

“खवल्या.”

“आणि रडत का होता?”

“बगळ्याचा चष्मा,” तपासनीस म्हणाले.

मागून कोणाचा तरी हुंदका आला. जारवाल्याने तो भाग बघितलेला होता. मग जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. हेडमास्तर पोट धरून हसले, आणि पोट बरं झालं असल्याचं त्यामुळे सगळ्यांना कळलं.

साहेब हसले नाहीत. “ऑफिसच्या वेळेत बघायचात?”

“नाही साहेब, सुटल्यावर.”

“मग खात्याचा संबंध नाही. पण बाटली खात्याची आहे. उद्या जमा करा.”

“अहो, एवढं होतं तर मला विचारायचं,” सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले. “आमच्याकडे सगळं बघून झालंय. ती पेटी शेवटी त्या...”

“सांगू नका!” तपासनीस ओरडले. इमारतीत त्यांचा आवाज इतका चढलेला कोणी ऐकला नव्हता.

हशाची दुसरी लाट ओसरली तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीकडे बघितलं. थोरली तिथे नव्हती.

संध्याकाळी चौघं प्रार्थनेला बसले. प्रार्थना झाल्यावर प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट देवाला मोठ्याने सांगायची, अशी त्या घरची रीत होती. थोरलीने डोळे मिटून घेतले.

“देवा, मी रोज वरच्या डॉक्टरीणकाकूंकडे खेळायला जाते. तिथे खवल्या लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. भिंतीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून. काकू म्हणायच्या, ये गं, एवढं काय त्यात. मी म्हणायचे, बाबांचं अजून तपासून झालं नाही.” ती थांबली. “तेव्हा बाबा वरच होते. त्याच स्वयंपाकघराच्या वर. एवढंच.”

“मी एकदा बघितलं,” धाकटा घाईने म्हणाला. “थोडंसंच.”

तपासनिसांची पाळी आली. त्यांनी डोळे उघडले आणि पोरीकडे तोंड केलं. “मी तुझ्याशी खोटं बोललो,” ते म्हणाले. “रोज बोललो. चांगलं होतं, म्हणून एकट्याने खाल्लं. माझी फार मोठी चूक झाली. मला माफ कर.” सभेत गेलेल्या अब्रूचं त्यांना आता काहीच वाटत नव्हतं.

थोरलीने डोळे मिटलेलेच ठेवले. आई म्हणाली, “देवा, जेवण गार होतंय,” आणि प्रार्थना संपली.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी जाहीर केलं की खवल्या योग्य आहे, मुलांनी खुशाल बघावा. थोरली म्हणाली, “नको.” धाकट्याला ट्रकही परत मिळाला. पण थोरलीने त्यानंतर काही विचारायचंच सोडून दिलं. हे बघू का, ते वाचू का, हे खरं आहे का, काहीच नाही. आवाज न करता जेवायची, अभ्यास करायची, झोपायची. हट्ट करणारं मूल परवडतं, पण न विचारणारं मूल म्हणजे काय शिक्षा असते ते तपासनिसांना त्या आठवड्यात कळलं.

सुटीच्या दिवशी ते प्रवचनकारांना भेटले आणि आपल्या हातून काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं. प्रवचनकारांनी कपाळाला हात लावला. “अहो, कोण बघतं, असं मी विचारलं होतं. तुम्ही एकट्यानेच सगळं बघा, असं कुठे म्हटलं?”

घरी येऊन ते बायकोपाशी बसले. ती पुस्तकांना कव्हरं घालत होती. “तुझ्याकडे पोर पुस्तक परत आणतं, तेव्हा तू काय करतेस गं?”

“विचारते, कसं होतं? मग ते बोलत सुटतं.” तिने कात्री खाली ठेवली. “तुम्ही तिला कधी विचारलंत? शेरा सोडून दुसरं काही?”

तपासनीस उठले आणि थोरलीच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मोठ्या साहेबांच्या टेबलापुढेही ते इतके अवघडून उभे राहिले नव्हते.

“एक काम होतं,” ते म्हणाले. “खवल्याचे शेवटचे भाग मी बघितलेले नाहीत. शेवट कसा आहे, मला माहीत नाही. तू पहिल्यापासून बघशील का? आणि मला चालेल का, ते सांगशील?”

थोरलीने पहिल्यांदाच मान वर केली. “तोपर्यंत तुम्ही बघायचं नाही.”

“नाही.”

“गच्चीवरसुद्धा नाही.”

“किल्ली मी परत केली.”

“आणि माझं झाल्याशिवाय, झालं का, झालं का, असं विचारायचं नाही.”

हे फार कठीण होतं, पण त्यांनी मान्य केलं.

मग मुलं आईला मध्ये बसवून रोज थोडं थोडं बघायला लागली, आणि तपासनीस तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी घासायला लागले. दाराआडून हसणं यायचं. धाकट्याचं ‘का?’ यायचं, आणि थोरली त्याला समजावून सांगताना ऐकू यायची. बगळ्याच्या दिवशी आत एकदम शांत झालं, तेव्हा त्यांनी पातेलं विसळायचं थांबवलं. पण आत गेले नाहीत. विचारलंही नाही.

शेवटच्या भागाच्या दुपारी तपासनीस एकच कढई पुन्हा पुन्हा घासत होते. मग दार उघडलं. थोरली स्वयंपाकघरात आली. डोळे लाल झालेले, नाक पुसलेलं, पण चेहरा खात्याच्या माणसासारखा गंभीर.

“बघून झालं,” ती म्हणाली. “तुम्हाला चालेल.”

“नक्की?”

“हो. पण शेवटी खूप रडू येतं. तुम्ही एकट्याने नका बघू.” तिने त्यांचा ओला हात धरला. “चला, मी शेजारी बसते.”